नाक्यावर सांगितलेली कादंबरी

पावसाळ्याचं सामान म्हणजे तांदूळ, डाळ, मीठ, रॉकेल, काड्यापेट्या, तापाच्या गोळ्या आणि कादंबऱ्या. बाकीच्या सामानाबद्दल कुणी काही म्हणत नसे. कादंबऱ्यांचं नाव काढलं की माहेरी सगळे हसायचे. हसू देत. एकदा नदी भरली की आमच्या गावाचा रस्ता बंद व्हायचा तो थेट दसऱ्याच्या सुमाराला उघडायचा. टपाल नाही, पेपर नाही, वीज नावापुरती. आम्ही नवराबायको दोघंही शिक्षक. दोघांना एकत्र जागा हवी असेल तर हेमलकशाच्याही पलीकडची शाळा घ्यावी लागेल असं साहेबांनी सांगितलं आणि आम्ही घेतली. नव्वदीच्या मधल्या वर्षांची ही गोष्ट. त्या चार महिन्यांत एकमेकांच्या तोंडाशिवाय बघायला दुसरं काही नसायचं. नवरा कितीही चांगला असला तरी चार महिने फार होतात.

नवऱ्याला मी गुरुजीच म्हणते. गाव म्हणायचं म्हणून मीही म्हणू लागले, आणि आता ते निवृत्त झाले तरी जिभेवरून जात नाही.

माझं माहेर चिमूरचं. आमच्या वस्तीजवळ एका खोलीचं वाचनालय होतं. एका कार्डावर एक पुस्तक, तेही पंधरा दिवसांसाठी, असा तिथला नियम. पण मी मेच्या सुट्टीत आले की वस्तीतली वाचणारी घरं आपापली कार्डं माझ्या आईकडे आणून द्यायची. पावसाळाभर आम्ही नाही वाचलं तरी चालते, पोरगी जंगलात राह्यते, असं म्हणायची. वाचनालय सांभाळणारे चाचा मूळचे बाइंडर. त्यांच्या बोटांना कायम खळीचा वास यायचा. दिवाळीपर्यंत पुस्तकं परत आली नाहीत तरी ते डोळे मिटून घ्यायचे. मला बघितलं की आधी विचारायचे, बेटी, या साली पाऊस किती पानांचा लागणार?

कादंबरी निवडायची माझी एक पद्धत होती, अजून आहे. पहिलं पान कधी वाचायचं नाही, कारण पहिल्या पानावर प्रत्येक लेखक सज्जन असतो. पुस्तक मध्येच उघडायचं. तिथे माणसं एकमेकांशी बोलत असतील, भांडत असतील तर घ्यायचं. कुणी खिडकीतून आकाशाकडे बघत असेल तर ठेवून द्यायचं. पुस्तक जाड हवं. छपाई कंदिलात दिसेल अशी हवी. पानं शिवलेली हवीत, कारण नुसती चिकटवलेली पुस्तकं श्रावणात सुटी होतात आणि शेवटचं पान कुठे गेलं म्हणून सगळ्या घरात शोधत फिरावं लागतं. आणि सगळ्यांत मोठा नियम गुरुजींसाठी होता. ते भराभर वाचायचे, कधीकधी मी निवडलेली कादंबरी माहेरच्या ओसरीवरच संपवून टाकायचे. वाचा बापा, पण मला गोष्ट सांगायची नाही. एक अक्षर नाही. कारण त्यांना गोष्ट सांगायचा नाद होता. कुणी ऐकणारं भेटलं की हातवारे करून, आवाज बदलून सांगायचे, आणि सांगताना जगाचं भान राहायचं नाही.

त्या वर्षी मात्र निवडताना मी पानं उघडलीच नाहीत. नुसती कव्हरं बघत होते.

झालं असं होतं की धानोऱ्याकडच्या एका ओळखीच्या शिक्षकाला पोलिसांनी एका पुस्तकावरून दोन दिवस बसवून ठेवलं होतं. पुस्तक शेळीपालनाचं होतं, पण कव्हर लालभडक. तो परत आला तेव्हा कुणाशी बोलेना. आणि आमच्या गावापासून तीन गावं खाली एका किराणा दुकानदाराला जंगलातल्या बंदूकवाल्यांनी मारून रस्त्यावर टाकलं होतं, छातीवर कागद ठेवून, की हा पोलिसांचा खबऱ्या. गावातली माणसं हळूच म्हणायची, त्यानं काही सांगितलं नव्हतं, फक्त गस्तीवरच्या पोलिसांना दुकानाच्या बाकड्यावर बसू दिलं होतं. त्या बंदूकवाल्यांना आम्ही आतले लोक म्हणायचो, कारण कुठलंही दुसरं नाव मोठ्यानं घ्यायची हिंमत नव्हती. एका बाजूला पोलिसांचा नाका, दुसऱ्या बाजूला आतले लोक, मधे आम्ही आणि आमचं सामान.

तेव्हा लाल कव्हर नको. बंदुकीचं चित्र नको. खाकी टोपीचं तर नकोच नको. नावात रक्त, जंगल, बंड, आग असलं काही नको. चाचा शिडीवर चढून एकेक काढत होते आणि मी मान हलवत होते. शेवटी ते खाली उतरले, चष्मा पुसला आणि म्हणाले की बेटी, असं निवडशील तर पंचांग तेवढं उरेल. पण हसले नाहीत. मग त्यांनी स्वतः बांधलेल्या, मूळ कव्हर कधीच गेलेल्या, भुऱ्या आणि निळ्या कापडातल्या आठ कादंबऱ्या काढून दिल्या. त्यांतली सगळ्यांत जाड निळी होती. एका घाटावरच्या नावाड्याची आणि त्याच्या सुनेची गोष्ट आहे, एवढंच ते म्हणाले आणि मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. ती मी मनात राखून ठेवली, पाऊस अंगावर यायला लागेल त्या आठवड्यासाठी. गुरुजींनी अर्थातच ती दोन दिवसांत वाचून काढली.

माहेरची माणसं त्या वर्षी परत जाऊ नका म्हणत होती. आई तर माझ्या पिशवीत भरलेले कपडे पुन्हा पुन्हा काढून ठेवायची. पण नोकरी होती, बदलीचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर पडला होता, आम्ही निघालो.

आलापल्लीच्या पुढे आम्हाला नेहमीची खचाखच भरलेली जीप मिळाली. नाक्यावर सगळ्यांना उतरवून सामान तपासायची रीत होती. पण बायकांना बसू द्यायचे, म्हणून मी आतच होते. गुरुजी आमचं पोतं घेऊन उतरले. तपासणीला एक तरुण शिपाई होता, पश्चिम महाराष्ट्राकडचा, बोलण्यावरून कळत होतं. त्यानं तांदळात हात घातला, गोळ्यांची पाकिटं उलटून बघितली आणि मग पुस्तकं काढली. त्यानं निळी कादंबरी उघडली, थोडं वाचलं आणि गुरुजींना काहीतरी विचारलं. नंतर कळलं, ती त्याच्या गावाकडच्या नदीकाठची गोष्ट होती, आणि त्यानं विचारलं होतं की हे कशाबद्दल आहे.

बस. दुसरं काही लागतच नव्हतं.

मी जीपच्या मागच्या फटीतून बघत होते. गुरुजींचे हात वर गेले. मग त्यांनी वल्हं मारल्यासारखं केलं. मग डोक्यावर पदर घेतल्यासारखं केलं. शिपाई हसला. बाकीच्यांचं सामान तपासून झालं, माणसं परत जीपमध्ये बसली, ड्रायव्हरनं बिडी ओढून फेकली, आणि आमचे गुरुजी पोलिसाच्या खांद्याला खांदा लावून उभे, गोष्ट चालूच. आमच्या त्या मुलखात नाक्यावर कोण काय बोललं हे कुणी विचारत नसे. कोण किती वेळ उभा होता, एवढंच बघायचे. मागच्या कोपऱ्यात छत्री मांडीवर घेतलेला एक अनोळखी माणूस होता. सगळे नाक्याकडे बघत होते आणि तो एकटा बघत नव्हता. मला त्याचीच भीती वाटली.

शेवटी गुरुजींनी ती निळी कादंबरी शिपायाच्या हातात दिली. शिपायानं त्यांचा हात हातात घेतला आणि हलवला. सगळ्या जीपनं बघितलं.

गुरुजी आत येऊन बसले तेव्हा चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. बिचारा पोरगा एकटा पडला आहे, पावसाळाभर त्याला काहीतरी वाचायला झालं, असं ते माझ्या कानाशी म्हणाले. मी त्यांच्या पायावर पाय दाबला. घरी पोचून दार लावेपर्यंत मी तोंडाला कुलूप घातलं होतं. मग मात्र सोडलं नाही. तुम्ही पोलिसाले वस्तू दिली, सगळ्यांसमोर दिली, तुमाले काई समजते का, असं मी विचारलं. पुस्तकच तर दिलं, असं म्हणत ते आधी हसले. मग माझ्याकडे बघून त्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांना तेव्हा समजलं. मला आधीच समजलं होतं, पण मला समजून काय उपयोग होता.

नदी भरली, रस्ता गेला. आता पळून जायचं म्हटलं तरी वाट नव्हती.

शाळेत मुलांसाठी भात शिजवणारी एक माडिया आदिवासी बाई होती. तीच आमचा रेडिओ आणि पेपर. एका दुपारी ती सुपात तांदूळ निवडत होती, मी शेजारी बसले होते. मान वर न करता ती म्हणाली की पलीकडच्या गावच्या बाजारात विचारणा होऊन राह्यली आहे, गुरुजी नाक्यावर पोलिसाले काय सांगून राह्यले होते. मी विचारलं, कोण विचारून राह्यलं? ती खडा शोधत राहिली. मग म्हणाली की तिला ठाऊक नाही, आणि सूप घेऊन उठली. पुढे कितीतरी दिवस ती कामापुरतं येऊन जायची, बसायची नाही.

खोटं कशाला सांगू, मला त्या काळात गुरुजींची दया आली नाही, रागच यायचा. रागावलेलं असलं की भीती जरा मागे राहते. मी उरलेल्या सात कादंबऱ्या पहिल्यांदा तांदळाच्या पिंपात लपवल्या. मग मनात आलं, उद्या झडती घेतली आणि पिंपातून पुस्तकं निघाली तर आणखीच वाईट, लपवलं म्हणजे काहीतरी असणारच. म्हणून बाहेर काढल्या, झटकल्या, फळीवर उघड्यावर मांडल्या. मग एकेक चाळायला घेतली. वाचायला नाही, शोधायला. एकीत नायक फौजदार निघाला. दुसरीत सावकार भला माणूस होता, ही दोन्ही आतल्या लोकांसाठी वाईट. तिसरीत एक कामगार भाषण करत होता, ते नाक्यासाठी वाईट. त्या पावसाळ्यात मी सात कादंबऱ्यांचं पान न् पान बघितलं, आणि एकीचीही गोष्ट मला आज सांगता येणार नाही.

गुरुजी शाळेत शिकवायचे, घरी येऊन खाटेवर बसायचे. जेवायचे नाहीत. कुत्रं भुंकलं की दोघंही एकदम उठून उभे राहायचो आणि मग एकमेकांकडे न बघता खाली बसायचो. मी त्यांना एकदा म्हटलं, की विचारलंच तर सांगा, पुस्तक त्यानं हिसकावून घेतलं. ते म्हणाले, सगळ्या जीपनं बघितलं, हात मिळवला होता.

बोलावणं आलं ते भर दुपारी. गावचा पाटील शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. भला माणूस, पण नजर जमिनीला लावलेली. म्हणाला की आतले लोक पलीकडच्या गावात थांबले आहेत, दोघांनाही बोलावलं आहे. शाळा सुटली की निघू. मी मुलांकडून पाढे म्हणून घेत होते. मुलं म्हणत राहिली, मी पण म्हणत राहिले, आणि कुठला पाढा चालला आहे ते मला कळत नव्हतं.

घरी जाऊन गुरुजींनी धुतलेला सदरा घातला. त्यांनी तो का घातला हे मी विचारलं नाही. मला ते बघवलं नाही, म्हणून मी बाहेर येऊन उभी राहिले.

वाटेत एक ओढा होता, तो पाटलाचा हात धरून पार केला. गावाबाहेर पानांनी शाकारलेल्या एका मांडवाखाली ते बसले होते. सात-आठ जण, हिरव्या कपड्यांत, बंदुका मांडीवर किंवा खांबाला टेकवलेल्या. दोन मुली होत्या. म्होरक्या वयानं मोठा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. मराठी बोलायचा, पण तेलुगू वळणाची. गावातली काही माणसं एका अंगाला उकिडवी बसली होती. मला बायकांमधे बसवलं. गुरुजींना समोर.

म्होरक्या ओरडला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. त्यानं शांतपणे विचारलं की नाक्यावर काय सांगितलं. गुरुजी म्हणाले, गोष्ट. कसली गोष्ट? कादंबरीतली. कादंबरी कुठे आहे? ती पोलिसाला दिली. उकिडव्या बसलेल्या माणसांतून कुणीतरी खाकरलं. म्होरक्यानं चष्मा वर सरकवला.

“मग ती गोष्ट आम्हालाही सांगा,” तो म्हणाला. “त्याला जेवढी सांगितली तेवढी. तो तिकडं किती वेळ ऐकत होता, आम्हाला माहीत आहे.”

आता गोष्ट सांगायची म्हटल्यावर आमच्या गुरुजींना काय अवघड, असं कुणालाही वाटेल. पण त्यांचे हात गुडघ्यांच्या मधे अडकून बसले होते, निघतच नव्हते. त्यांनी सुरुवात केली. पुस्तकी मराठीत, परीक्षेला उत्तर द्यावं तशी. एका नदीवर एक नावाडी होता. त्याला एक मुलगा होता. मुलाचं लग्न झालं. सून शिकलेली होती. मी ऐकत होते. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझाच नियम होता, मला सांगायचं नाही. त्यामुळे ते चुकले तरी मला सावरता येणार नव्हतं.

आणि ते चुकले. नावाड्याचा मुलगा आधी परगावी गेला म्हणाले, मग तोच घाटावर नाव बांधत होता म्हणाले. सासूचं नाव दोनदा बदललं. बंदूक मांडीवर घेतलेला एक पोरगा म्होरक्याकडे वाकून गोंडीत काहीतरी बोलला. गुरुजी थांबले. त्यांनी ओठ चाटले. पुढचं आठवत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर मला लख्ख दिसत होतं, तसं सगळ्यांनाच दिसत असणार. मांडवावर पाऊस पडत होता. मला वाटलं, हे आता असे गप्प राहिले तर आपण दोघं इथून परत जात नाही.

“मंग त्या सुनेच्या पोरीले ताप आला,” गुरुजी म्हणाले.

ते पुस्तकी बोलणं सोडून घरच्या बोलीत आले होते. मी मान वर केली.

एक गोष्ट मी इथपर्यंत सांगितली नाही, कारण आमच्या घरातही ती कुणी सांगत नव्हतं. आधीच्या वर्षीच्या पावसाळ्यात आमची मुलगी गेली होती. अडीच वर्षांची होती. हिवतापानं, नदी भरलेली असताना. ती गेली त्या दिवसापासून आम्ही दोघांनी तिच्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. जेवायला वाढ, दिवा लाव, पोतं झाक, एवढंच बोलायचो. त्या वर्षी कादंबऱ्यांचं एवढं ओझं आम्ही जंगलात वाहून नेलं ते तिच्याबद्दल बोलायची वेळ येऊ नये म्हणून, असं आता मला सरळ म्हणता येतं.

गुरुजी सांगत होते. पोरीचं अंग इतकं तापलं की हात लाववत नव्हता. गोळी दिली, उलटून पडली. तिच्या मायनं कपाळावर ओलं फडकं ठेवलं. बाप म्हणाला, मी डोंगेवाल्याले आणतो. बाप नदीवर गेला तर डोंगा पलीकडच्या काठावर होता. पाणी तांबडं, मधून झाडं वाहून राह्यली होती. त्यानं हाका मारल्या. पलीकडून कुणीतरी हात हलवला, पण येतो म्हणून हलवला की येत नाही म्हणून, ते समजलं नाही. तो काठावर वरखाली धावला. पाण्यात उतरला, गळ्यापर्यंत गेला, परत आला. त्याले पोहता येत नव्हतं.

त्यांचे हात आता सुटले होते. पण नाक्यावर हलले होते तसे नव्हते हलत. एकच हात, पलीकडे बोलावल्यासारखा, पुन्हा पुन्हा.

मला ओरडून सांगावंसं वाटलं की थांबा. बंदुकीपेक्षा त्या क्षणी मला त्यांच्या पुढच्या वाक्याची भीती वाटत होती. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं माझा दंड धरला होता. केव्हा धरला ते मला आठवत नाही.

“तो घरी आला,” गुरुजी म्हणाले, “तं माय पोरीले मांडीवर घेऊन बसून होती. कपाळावरचं फडकं काढून ठेवलं होतं. तिनं मले काई विचारलं नाई. मीनं काई सांगतलं नाई.”

‘त्याले’चं ‘मले’ झालं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मांडवात आणखी कुणाच्या आलं की नाही ते मला कळलं नाही. पाटील जमिनीकडे बघत होता, पण आमचं घर त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. त्या दोन मुलींपैकी एक पावसाकडे बघत होती.

म्होरक्यानं बराच वेळ गुरुजींकडे बघितलं. मग तो माझ्याकडे वळला.

“बाई,” तो म्हणाला, “पुस्तकात असंच आहे?”

मी ती कादंबरी वाचली नव्हती. आजपर्यंत वाचलेली नाही. माझा आवाज कापला असता तर काय झालं असतं ते मला माहीत नाही, पण तो कापला नाही.

“हो,” मी म्हटलं. “असंच आहे.”

त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, दोरा नीट केला. मग म्हणाला की यापुढे नाक्यावर सामान दाखवायचं आणि निघायचं, उभं राहायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही. दुसऱ्यांदा गोष्ट ऐकणार नाही. आम्ही दोघांनी मान हलवली. कुणीतरी काळा चहा दिला. माझा मी न पिता खाली ठेवला.

परत येताना पाटील पुढे चालत होता, मुद्दाम बराच पुढे. अजून मागून आवाज येईल, हाक मारतील, या धास्तीनं मी वळून बघत नव्हते. ओढा आला. आम्ही एकमेकांचा हात धरून उतरलो आणि पलीकडे गेल्यावरही तो सोडला नाही. गुरुजींचा सदरा घामानं आणि पावसानं पाठीला चिकटला होता.

“तुले राग आला का?” त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघत नव्हते.

नाही, म्हटलं. आणि ते खरं होतं. मग थोडं अंतर आम्ही तसेच चाललो. मला आता दुसरीच धडकी भरली होती, तोंड उघडायची. उघडलं नाही तर पुन्हा कधी उघडायचं नाही, हेही कळत होतं.

“ते फडकं मी नाई काढलं,” मी म्हटलं. “पोरीनंच काढलं. शेवटी जागी झाली होती.”

ते वाटेतच थांबले.

“बोलली का?”

“बोलली,” मी म्हटलं. “तुमाले विचारत होती. बाबा कुठी गेला म्हणून. मीनं सांगतलं, डोंगा आणाले गेला. तं हसली. डोंग्यात मले मधात बसवजा म्हणे.”

ते चिखलात तसेच उभे होते. पाटील लांब एका झाडाखाली आमची वाट बघत थांबला होता. मग गुरुजी म्हणाले, आणखी सांग. आणि मला जेवढं आठवत होतं तेवढं सगळं मी त्यांना घर येईपर्यंत सांगत गेले.